आठ प्रश्नांची मोजपट्टी: मोर्चा आणि मारहाण यांच्यामधली रेघ मराठीत कुठे पडते

तरुणांमधल्या हिंसक कट्टरतेवर महाविद्यालयात काही काम करायचं ठरलं की व्याख्यानं होतात, भित्तिपत्रकं लागतात, ‘इतक्या विद्यार्थ्यांनी लाभ घेतला’ असा अहवाल जातो. हिंसेबद्दलची ओढ खरोखर कमी झाली का, याचं उत्तर मात्र त्या अहवालात नसतं. ते मिळवायचं तर आधी मोजता आलं पाहिजे. त्यासाठीची एक जुनी आणि बरीच वापरलेली मोजपट्टी म्हणजे ‘ॲक्टिव्हिझम अँड रॅडिकॅलिझम इन्टेन्शन स्केल्स’, छोट्या नावाने ‘एरिस’. सोफिया मोस्कालेंको आणि क्लार्क मकॉली या मानसशास्त्रज्ञांनी ती 2009 मध्ये प्रसिद्ध केली. आधी अमेरिकेतल्या लोकांवर आणि मग अमेरिकी व युक्रेनी विद्यार्थ्यांवर तिची तपासणी झाली. मानसशास्त्र आणि समाजकार्याचे विभाग, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, महाविद्यालयांतले समुपदेशक यांनी ती घ्यावी का, आणि घेतली तर मराठीत कशी वापरावी, यासाठी हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. पूर्ण महाविद्यालयाचा कल पाहण्यासाठी मोजपट्टी चांगली आहे. एखादा मुलगा ‘धोकादायक’ आहे का हे ठरवायला ती अजिबात वापरू नये. आणि इंग्रजी प्रश्न सरळ मराठीत उतरवून छापले, तर ती भलतंच काहीतरी मोजते.

पट्टीत प्रश्न आठच आहेत. खरं तर ती विधानं आहेत, आणि 1 ते 7 मधला आकडा निवडून आपण कितपत सहमत आहोत ते सांगायचं असतं. पहिली चार सक्रियतेची: समूहाच्या राजकीय आणि कायदेशीर हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेत सामील होईन; अशा संघटनेला पैसे देईन; तिच्यासाठी वेळ काढून काम करीन; समूहाच्या समर्थनार्थ निघालेल्या सभेला किंवा मोर्चाला तासभराचा प्रवास करून जाईन. पुढची चार जहालतेची: संघटनेने कधी कायदा मोडला तरी तिला पाठिंबा चालू ठेवीन, तिने कधी हिंसेचा मार्ग धरला तरी चालू ठेवीन, निदर्शनांना हिंसक वळण लागेल असं वाटलं तरी त्यांत जाईन, पोलीस किंवा सुरक्षा दलं आपल्या समूहातल्या माणसांना मारहाण करताना दिसली तर त्यांच्यावर हल्ला करीन. भरायला चार-पाच मिनिटं लागतात. विधानं मूळ शोधनिबंधातच छापलेली आहेत. गुणांकन सोपं आहे: पहिल्या चारांची सरासरी वेगळी, दुसऱ्या चारांची वेगळी. आठही एकत्र करून एकच आकडा काढणं ही सर्वांत मोठी चूक, कारण पट्टीचं सगळं मोल या दोन आकड्यांच्या वेगळेपणात आहे.

मोर्चात जाणारा पोरगा उद्या दगड उचलणार आणि परवा त्याहून पुढे जाणार, असा एक समज पोलीस ठाण्यापासून प्राचार्यांच्या दालनापर्यंत सगळीकडे आढळतो. सरकता पट्टा असल्यासारखं, एकदा वर पाय ठेवला की शेवटापर्यंत पोचणारच. मोस्कालेंको आणि मकॉली यांनी मूळ निबंधातच या कल्पनेवर प्रश्नचिन्ह लावलं. सक्रियता आणि जहालता या दोन गोष्टी एकमेकींशी काही प्रमाणात बांधलेल्या आहेत, पण एक नाहीत. पुढे 2017 मध्ये त्यांनी मतांचा पिरॅमिड आणि कृतीचा पिरॅमिड वेगळे मांडले, कारण टोकाचं मत असणारी बहुसंख्य माणसं कधीच काही करत नाहीत, आणि कृती करणाऱ्या सगळ्यांचीच मतं टोकाची असतात असंही नाही. मैत्री, भीती, बदला किंवा थरार यांपायीही माणूस आत ओढला जातो.

म्हणून सक्रियतेत 6.5 आणि जहालतेत 1.5 आलेला विद्यार्थी हा चिंतेचा विषय नाही. तो लोकशाहीला हवा असलेला नागरिक आहे. एखाद्या कार्यक्रमानंतर दोन्ही आकडे खाली आले तर तो कार्यक्रम फसला असं समजावं. पोरांची हिंसेची ओढ गेली नाही, पोरं नुसती घाबरली किंवा गप्प झाली. सक्रियता जागच्या जागी आणि जहालता खाली, हाच चांगला निकाल. मोजपट्टी घ्यावी ती या एका गुणासाठी.

दुसरा गुण म्हणजे ती कोणत्याही एका धर्माला किंवा विचाराला चिकटलेली नाही. महाराष्ट्रात हे फार गरजेचं आहे. 2014 मध्ये कल्याणहून चार तरुण ‘इस्लामिक स्टेट’मध्ये सामील व्हायला इराकला गेले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडणारे दोघे तरुणच होते, आणि 2024 मध्ये न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. गडचिरोलीत नक्षल दलमांत भरती झालेली मुलंमुली तर कित्येकदा सज्ञान व्हायच्या आधीच गेली. तिन्हींकडची भाषा वेगळी, शत्रू वेगळा. मोजपट्टी ‘माझा समूह’ एवढंच म्हणते आणि तो कोणता हे मोकळं ठेवते. एकाच धर्माच्या मुलांसाठी बनवलेली प्रश्नावली वर्गात वाटली, तर वाटण्याच्या क्षणीच त्या मुलांना कळतं की आपल्याकडे बोट दाखवलं गेलंय. मग आकडे निरुपयोगी होतात आणि मनं दुखावली जातात ती वेगळीच.

पण ‘माझा समूह’ या दोन शब्दांपाशीच मराठी भाषांतराची पहिली ठेच लागते. ‘गट’ म्हटलं की बचत गट आठवतो, नाहीतर गटबाजी. ‘समाज’ हा शब्द सहज सुचतो, पण मराठीत ‘आमचा समाज’ म्हणजे आमची जात. समाज छापलात की जवळपास प्रत्येकजण जातीचा विचार करून उत्तर देणार, तुम्हाला धर्म, भाषा किंवा प्रदेश विचारायचा असला तरीही. ‘आपली माणसं’ फारच जिव्हाळ्याचं होतं आणि सगळे आकडे वर जातात. उपाय असा: सुरुवातीला यादी द्यावी (देश, धर्म, जात, भाषा, गाव किंवा जिल्हा, आदिवासी ओळख, विद्यार्थी म्हणून ओळख) आणि त्यातला स्वतःला सर्वांत जवळचा एक समूह निवडायला सांगावा. पुढे प्रत्येक विधानात ‘वर निवडलेला समूह’ असं लिहावं. वाक्य थोडं कोरडं होतं, ते चालेल. कुणी काय निवडलं त्याची नोंद ठेवायची आणि निकाल त्याप्रमाणे वेगवेगळे पाहायचे, कारण ‘देश’ निवडणारा आणि ‘जात’ निवडणारा विद्यार्थी पोलिसांवरच्या हल्ल्याच्या विधानाला एकाच अर्थाने उत्तर देत नाहीत.

दुसरी ठेच नावापाशी. प्रश्नावलीच्या डोक्यावर ‘जहालता’ छापू नये. मराठी मुलाने मवाळ आणि जहाल हे शब्द टिळक-गोखल्यांच्या धड्यात शिकलेले असतात, आणि त्या जोडीत जहाल असणं हे मानाचं आहे. ‘कट्टर’ तर त्याहून अवघड. बातमीत तो ठपका असतो, पण ‘कट्टर समर्थक’ असं दुचाकीवर अभिमानाने रंगवलेलं दिसतं. ‘मूलतत्त्ववादी’ हा अग्रलेखातला शब्द, अकरावीच्या पोराला तो लागत नाही. शीर्षक साधं ठेवावं: ‘समूह आणि सहभाग: मतांची पाहणी’. सक्रियता, जहालता ही नावं विश्लेषण करणाऱ्याच्या वहीत राहू देत.

तिसरी ठेच सर्वांत खोल आहे, ती कायदा मोडण्याच्या विधानात. मूळ पट्टीत कायदा मोडणं हे जहालतेच्या बाजूला टाकलं आहे. आपल्याकडे सविनय कायदेभंग हा शाळेतला धडा आहे. 1930 साली शिरोड्याला मीठ उचलायला गेलेल्यांनी कायदा मोडला तो हात न उगारता, आणि लाठ्या खाल्ल्या. शिवाय रोजच्या व्यवहारात मनाई आदेश निघतच असतात: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37, किंवा पूर्वीचं 144 आणि आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. असा आदेश लागू असताना निघालेला शांत मोर्चाही कायद्याच्या भाषेत उल्लंघनच ठरतो. त्यामुळे या विधानाला 6 देणारा विद्यार्थी हिंसेकडे झुकलेला आहे असं म्हणता येत नाही. तो बहुधा रास्ता रोको डोळ्यांपुढे आणून उत्तर देतोय. आमचा सल्ला: विधान काढून टाकू नका, नाहीतर इतर ठिकाणच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. पण चारांची सरासरी आणि हे एक वगळून तीनांची सरासरी, अशा दोन्ही छापा. घटक विश्लेषण (कोणती विधानं एकत्र चालतात ते पाहण्याची सांख्यिकी पद्धत) केलं तर हे विधान आपल्याकडे सक्रियतेच्या बाजूला सरकतं का तेही कळेल, आणि सरकलं तर तो स्वतःच एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

हिंसेच्या विधानात काळाचा घोळ होतो. ‘हक्कांसाठी हिंसा’ असं अमूर्त विचारलं की मराठी वाचकाच्या मनात 22 जून 1897 चा गणेशखिंडीचा रस्ता आणि चापेकर बंधू येतात, सातारा-सांगलीकडे पत्री सरकार येतं. इतिहासातल्या हिंसेचा गौरव आणि आज स्वतः काही करण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ‘योग्य आहे’, ‘समर्थनीय आहे’ अशी क्रियापदं टाळावीत. मूळ विधानं ‘मी करीन’ असं म्हणतात, तेच ठेवावं. मराठीत याचा आणखी एक फायदा आहे: ‘जाईन’, ‘देईन’, ‘करीन’ ही रूपं मुलगा-मुलगी दोघांना चालतात. ‘करू शकतो/शकते’ लिहिलंत की तिरक्या रेघा वाढतात आणि वाचणारा अडखळतो. ‘पाठिंबा सोडणार नाही’ असंही लिहू नये. त्यावर ‘सहमत नाही’ म्हणायचं तर दोन नकार एकावर एक येतात आणि घाईत भरणारा उलटं उत्तर देतो. ‘पाठिंबा चालू ठेवीन’ हे सरळ.

सात पायऱ्यांना सात मराठी नावं देण्याचा मोहही टाळावा. ‘काहीसा’, ‘थोडासा’ आणि ‘बऱ्यापैकी’ यांतलं जास्त कोणतं, यावर वर्गात एकमत होत नाही. दोन टोकांना शब्द द्यावेत, ‘अजिबात सहमत नाही’ आणि ‘पूर्णपणे सहमत’, आणि मध्ये नुसते आकडे.

मराठी रूप तयार करताना किमान हे व्हावं: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्याने जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या चौथ्याने परत इंग्रजीत नेऊन तपासायचं. मग आठ-दहा विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून प्रत्येक विधान वाचल्यावर ‘मनात काय आलं?’ असं विचारायचं. वर सांगितलेल्या बहुतेक ठेचा याच टप्प्यावर पकडता येतात, आणि हाच टप्पा सर्वाधिक गाळला जातो. त्यानंतर 40-50 जणांवर चाचणी. मुख्य पाहणीला 200 च्या खाली घटक विश्लेषणाचं नाव काढू नये, आणि दोन गटांची तुलना करायची तर प्रत्येक गटात तेवढे हवेत. जहालतेचे आकडे खालच्या टोकाला दाटतात, बहुतेकजण 1 आणि 2 वर खूण करतात. त्यामुळे नुसती सरासरी दाखवणं फसवं. मध्यक द्यावा आणि प्रत्येक विधानाला 5 किंवा त्याहून वर किती टक्के गेले तेही द्यावं.

नुसती एरिस भरून घेतली तर ‘किती’ कळतं, ‘का’ कळत नाही. ‘का’साठी सोबत इतर मोजपट्ट्या लागतात, आणि कोणत्या घ्यायच्या ते आधीच्या संशोधनावरून ठरवता येतं. तेव्हा लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात असलेले कमलदीप भुई आणि सहकाऱ्यांनी पूर्व लंडन आणि ब्रॅडफर्डमधल्या 18 ते 45 वयाच्या 608 पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या मुस्लिमांना 16 प्रश्नांची वेगळी पट्टी दिली होती. हिंसक निषेधाबद्दल थोडीही अनुकूलता दाखवणारे निघाले 2.4 टक्के. ती गरिबांत किंवा नव्या स्थलांतरितांत जास्त आढळली नाही. विशीच्या आतले, पूर्णवेळ शिकणारे, ब्रिटनमध्येच जन्मलेले आणि चांगल्या कमाईचे यांच्यात ती जास्त होती. त्या पट्टीच्या नावातला ‘सिम्पथी’ हा शब्द मराठीत ‘सहानुभूती’ करू नका, सहानुभूती आपण दुःखात असलेल्याला देतो. ‘अनुकूलता’ त्यातल्या त्यात जवळचा.

क्वेबेकमध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या सेसिल रूसो यांच्या चमूने सेजेपमधल्या, म्हणजे शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधल्या महाविद्यालयांतल्या, विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. 2015 च्या सुरुवातीला माँट्रियालच्या मेझोन्यूव महाविद्यालयातले काही विद्यार्थी सीरियाकडे निघाल्याने तिथे हा विषय पेटला होता. तिथल्या पाहण्यांत भेदभावाचा आणि हिंसेचा अनुभव, त्यातून येणारं नैराश्य आणि हिंसेला अनुकूलता यांची साखळी दिसली. कुटुंब आणि मित्रांचा आधार असेल तर ती कमजोर होते. धार्मिकतेकडे आपण उगाच संशयाने पाहतो, तीसुद्धा तिथे संरक्षक बाजूला आढळली. एक सावधगिरी: हे सगळे एका वेळी घेतलेले फोटो आहेत. नैराश्यामुळे ओढ वाढली की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे वाढलं, हे असल्या पाहणीतून सिद्ध होत नाही.

मानसशास्त्रज्ञ आरी क्रुगलान्स्की यांची मांडणी वाचणाऱ्याने हाताशी ठेवावी. आपण कुणीतरी आहोत ही गरज, हिंसेलाच मोठेपण देणारी गोष्ट, आणि ती गोष्ट खरी मानणारा गोतावळा, हे तिन्ही जमले की धोका. अपमान झालेला पण चांगला गोतावळा असलेला मुलगा सावरतो. उलट ‘मित्रांचा आधार आहे का?’ एवढंच विचारलं आणि तो आधार हिंसेला टाळ्या देणाऱ्यांचाच असला, तर आकडा दिलासा देतो आणि तो खोटा असतो. म्हणून 12 प्रश्नांची बहुआयामी सामाजिक आधार पट्टी घ्यावी, तिच्यात घर, मित्र आणि जवळची व्यक्ती यांचे गुण वेगळे निघतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली मराठीत आहे. भेदभावाच्या रोजच्या अनुभवासाठी 9 प्रश्नांची पट्टी आहे, पण तिच्यात ‘दुकानात वाईट वागणूक मिळते’ अशी अमेरिकी वळणाची विधानं आहेत. भाड्याने खोली नाकारणं, आडनाव विचारणं, वसतिगृहात ताट वेगळं ठेवणं ही आपल्याकडची रूपं तिच्यात जोडावी लागतील. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत ठेवा, त्यानंतर मुलं एकाच रांगेत खुणा करत जातात. पीएचक्यू-9 चा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. तो विचारणार असाल तर समुपदेशक त्याच दिवशी आवारात हवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक प्रत्येक कागदावर, सगळ्यांसाठी, छापलेला हवा.

भरून घेताना काय बिघडतं ते आता. वर्गात शिक्षक उभे असले तर पोलिसांवरच्या हल्ल्याच्या विधानाला सगळे 1 देतात. हजेरी क्रमांक लिहायला लावला तरी तेच. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय चालू राहून गेली, तर ‘नाव गुप्त राहील’ हे आश्वासन खोटं पडतं आणि मुलांना ते लगेच दिसतं. वसतिगृहात दुवा पाठवला तर खोलीतले चौघे मिळून एकच उत्तर भरतात. कागद, बंद खोकं आणि अनोळखी पर्यवेक्षक हे अजूनही सर्वांत खात्रीचं. तारीखही सांभाळावी. 1 सप्टेंबर 2023 रोजी अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. त्यानंतरच्या आठवड्यात जालना किंवा बीडमध्ये पोलिसांबद्दलचं विधान विचारलं असतं, तर आलेला आकडा त्या आठवड्याच्या संतापाचा असता. कार्यक्रमाआधी आणि नंतर अशा दोन वेळा मोजायचं असेल, तर कार्यक्रम न मिळालेला दुसरा वर्गही मोजावा लागतो. दोन कागद जुळवायला विद्यार्थ्यानेच बनवलेली खूण पुरते: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, स्वतःच्या नावाचं शेवटचं अक्षर. मोबाइलचे आकडे नकोत.

गैरवापराबद्दल हातचं न राखता लिहायला हवं. समजा 10,000 विद्यार्थ्यांत खरोखर हिंसेकडे जाणारे 5 आहेत, आणि समजा पट्टी 90 टक्के अचूक आहे (ती तशी नाही). ती त्या पाचांतले चार-पाच पकडेल, आणि सोबत जवळपास 1,000 निर्दोष मुलांवरही बोट ठेवेल. ही पट्टी सुधारली म्हणून हे गणित बदलत नाही, दुर्मीळ गोष्टीचं गणितच असं असतं. एका माणसाच्या जोखमीचं मूल्यमापन हे वेगळं काम आहे. त्यासाठी वेरा-2आर, ट्रॅप-18 यांसारखी साधनं आहेत, आणि तीही प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाखत आणि कागदपत्रं पाहून वापरतात, वर्गात वाटत नाहीत. 2015 मध्ये लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागात प्राथमिक शाळेतल्या मुलांना अशा धर्तीची प्रश्नावली दिली गेली, गुप्ततेचं सांगूनही कागदावर नावाची जागा होती, आणि पालकांचा विश्वास उडाला. आपल्याकडे 18 वर्षांखालच्यांना, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयातल्या बहुतेकांना, पालकांच्या संमतीशिवाय यात घेऊ नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सूट आहे, पण त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही या अटीवर. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्या, आणि कच्चे कागद कोण, कधी नष्ट करणार ते तिच्या अर्जातच लिहा. ‘उद्या पोलिसांनी मागितले तर?’ या प्रश्नाला ‘त्यांत कुणाचं नावच नाही’ हे एकच खरं उत्तर असू शकतं, आणि त्याची तयारी प्रश्नावली छापण्याआधी करावी लागते. निकाल छापताना दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेला कोणताही उपगट वेगळा दाखवू नये. छोट्या गावात ‘कला शाखा, तृतीय वर्ष, मुली, अमुक धर्म’ एवढं लिहिलं की ती कोण हे सगळ्यांना कळतं.

साठ-सत्तर विद्यार्थ्यांचं छोटं महाविद्यालय असेल तर ही मोजपट्टी घेऊच नका. तेवढ्या आकड्यांतून काही निघत नाही आणि गुप्तताही टिकत नाही. सहा ते आठ जणांच्या दोन-तीन गटचर्चा घ्या, बाहेरचा संवादक बोलवा, आणि वरची आठ विधानं नुसती चर्चेला ठेवा. ‘संघटनेने कायदा मोडला तर’ यावर मुलं तासभर बोलतात, आणि शिरोड्याचं मीठ व बसवर पडलेला दगड यांतला फरक बहुतेक वेळा तीच काढून दाखवतात.